निसीमच्या पानांची किल्ली

"ही किल्ली चालत नाही," असं पडद्यावर लाल अक्षरांत पुन्हा उमटलं, आणि नेमकी तेव्हाच भूमिका दारात उभी राहिली.

"मावशी, झाला का माझा ब्लाउज?"

डेबोराच्या ओठांत टाचणी होती. टाचणी न काढता बोलायची कला तिला इतक्या वर्षांत साधली होती. "बाही राहिलीय. बस."

"मशीन बंद नि कॉम्प्युटर चालू! आता ऑनलाइन शिवायला लागलात की काय?"

"शिवता आलं असतं तर काय पायजे होतं गो. मला तर यातलं उसवायलाही येत नाय."

भूमिकाने खुर्चीवरच्या साड्या उचलून मांडीवर घेतल्या आणि बसली. बालवाडीत शिकवायची ती, त्यामुळे दुसऱ्याच्या पाटीत डोकावायची सवयच. "दोन रकाने आहेत. वरती लायसन्स की, खाली कनेक्शन की. दोन कशाला लागतात?"

"तेच तर कालपासून विचारतेय त्याला," डेबोराने पडद्याकडे हनुवटी केली. "तो लाल होतो नुसता. सांगत काय नाय."

"उलटसुलट घालून बघा."

"घातल्या. तशाही लाल होतो."

भूमिका हसली, पण डेबोरा हसली नाही, तेव्हा तिच्या लक्षात आलं की काम ब्लाउजपेक्षा मोठं आहे. "उद्या येते," असं म्हणून ती उठली.

डेबोरा अष्टमकर रोह्याच्या याच घरात जन्मली, याच ओसरीवर साड्यांना फॉल लावता लावता साठीला टेकली. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारायची लोकांची हौसही आता फिटली होती. पूर्वी ज्यूंच्या या आळीत शुक्रवारी संध्याकाळी घराघरांतून खोबरेल तेलाचे दिवे दिसायचे. मग आत्या गेली, काका गेले, चुलत भावंडं गेली. वर गेली असं नव्हे, इस्राएलला गेली. पण मागे राहणाऱ्याला आळी तेवढीच रिकामी दिसते. शेवटी उरले दोघं, ती आणि तिचा मोठा भाऊ निसीम.

निसीम धाटावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. निवृत्त झाला आणि कॅमेरा घेऊन कब्रस्तानं हिंडायला लागला. रोह्याचं, पेणचं, मधल्या खेड्यांतली, जिथे आता गुरं चरतात तीसुद्धा. एकेका दगडाचा फोटो, त्याखाली दगडावरचं नाव आणि त्याखाली त्या माणसाबद्दल दोन ओळी. "ही सुईण. पेणच्या निम्म्या गावाला हिने पहिली आंघोळ घातली." "हा पलटणीत बँड वाजवायचा. लग्नात बोलवायचे, पण फुकट वाजवायचा नाही." असं. कुणी सांगितलेलं, कुणाकडून काढून घेतलेलं. आपलं आपण शिकून त्याने ते सगळं वेबसाइटवर चढवलं, आणि इस्राएलात लोदला, दिमोनाला, अश्दोदला बसलेली म्हातारी माणसं नातवंडांकडून ती पानं उघडून घेऊन रडायला लागली. गेल्या उन्हाळ्यात निसीम गेला. जाताना काही बोलला नाही. फक्त पासवर्ड तिला आधीच पाठ करायला लावला होता.

आणि आता ज्या कंपनीच्या यंत्रावर ती पानं ठेवली होती, ती गाशा गुंडाळत होती. शनिवारी रात्री सगळं बंद, आपापलं सामान हलवा, असं पत्र आलं होतं. म्हणजे कंपनीचा शनिवार. डेबोराची मुदत शुक्रवारी दिवे लागेपर्यंतच. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या दिव्यांपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, ती सुईत दोराही ओवत नसे. कॉम्प्युटरचं तर नावच नको.

पेणला मितेश नावाचा एक दुकानदार गणपतीच्या कारखान्यांना वेबसाइटी करून देई. त्याने नवी जागा घेऊन दिली, जुन्या आणि नव्या दोन्हीकडे सामान हलवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं आणि फोनवर सांगितलं, "मावशी, एकदम सोपं आहे. लायसन्स की तुमच्या मेलवर आलीये. कनेक्शन की जुन्या साइटच्या पानावर दिसेल, ती उचलून नव्या साइटमध्ये टाका. मला आत्ता मान वर करायला वेळ नाही, सीझन आहे." सोपं आहे असं सांगणाऱ्या माणसाला बहुधा दुसरं काही काम असतं, हे डेबोराला ठाऊक होतं. दोन्ही किल्ल्या म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची भेळच होती. एक जरा लांब, एक जरा आखूड. कुठली कुठे उचलली, कुठे ठेवली, याचा गोंधळ झाला तो झालाच.

भूमिका गेल्यावर तिने थोडा वेळ लाल अक्षरांकडे पाहिलं. मग तिच्या माणसांनी अडलेल्या कुलपापाशी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं, तेच तिने केलं. त्यांच्या प्रार्थनामंदिराची, म्हणजे घरात ज्याला मशीदच म्हणायचे त्याची, किल्ली कधी एका घरात राहिली नव्हती. एक अष्टमकरांकडे, एक शेजारी, एक पलीकडच्या आळीत. आणि ही घरं रिकामी होत गेली तेव्हा एक कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही. परगावाहून कुणी आपला माणूस आला तर त्याला दार बंद दिसू नये, एवढाच हिशेब. किल्ली जितक्या हातांत, तितकी ती सुरक्षित.

तिने दोन्ही किल्ल्या घरच्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकल्या. खाली लिहिलं, "निसीमची पानं नव्या घरी न्यायची आहेत. यातली कुठली कुठे लावायची ते मला कळत नाही. कुणाला येत असेल त्याने बघा."

दिमोनाहून चुलतबहीण लीयाने हात जोडले. कुणी रडका चेहरा टाकला. मग लोदहून चुलतभाऊ एझ्राचं आलं: "डेबो, तू काळजी करू नको. मी बघतो."

डेबोराने टाचणी टाचण्यांच्या उशीला टोचली आणि भूमिकाची बाही लावायला घेतली. बरं वाटलं तिला. आपल्या माणसांत टाकलं की बरं वाटतंच.

शुक्रवारी सकाळी एझ्राचा निरोप वाट पाहत होता. "झालं डेबो! पाठवलं!" पुढे वर केलेला अंगठा.

तिने नवी साइट उघडली. नवी साइट कोरी होती. पाठवलं म्हणतो, मग गेलं कुठे? फोन लावला तर एझ्रा उचलेना. तिकडे अजून उजाडायचं होतं. डेबोराने पर्स घेतली, भूमिकाचा ब्लाउज शेजारच्या घरी देऊन ठेवला आणि पेणची एसटी धरली.

वडखळच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे ट्रकांच्या मागे उभी राहिली. खिडकीबाहेर मिठागरांत पाणी चमकत होतं. शेजारची बाई शेवग्याच्या शेंगांचा भारा मांडीवर धरून म्हणाली, "आज उतरत नाय आपण." डेबोरा म्हणाली, "मला उतरायला पायजे. आणि दिवेलागणीच्या आत परतायला पण पायजे." बाईने तिच्याकडे पाहिलं आणि भारा जरा स्वतःकडे ओढून घेतला, जणू तिला पुढे जायला वाट करून दिली.

मितेशचं दुकान एका गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर होतं. जिन्यात दोन्ही बाजूंना बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट.

"अंग चोरून या मावशी," वरून मितेश ओरडला. "धक्का लागला तर तुम्हाला तो अमेरिकेला न्यावा लागेल. बुकिंग झालंय त्याचं."

डेबोरा बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला आधी नीट समजावून सांग. सोपं आहे असं म्हणायचं नाय."

मितेशने हातातलं काम ठेवलं. "बरं. लायसन्स की म्हणजे तुम्ही हे सॉफ्टवेअर विकत घेतलं याची खूण. ती फक्त विकणारा तपासतो. बरोबर असली की तो म्हणतो, चला, गिऱ्हाईक आपलं. तुमची साइट कुठली, तिच्यात काय आहे, याच्याशी त्या कीला काही घेणंदेणं नाही."

"म्हणजे मशीनचं वॉरंटी कार्ड."

"अगदी. आणि कनेक्शन की साइटची स्वतःची. ती ज्याच्याकडे, त्याला साइट आत घेते. मग तो आतलं सामान स्वतःकडे आणू शकतो, नाहीतर स्वतःकडचं सामान आत ढकलू शकतो. दोन बटणं असतात, आणा आणि ढकला. ढकललं की आतलं जुनं जातं, त्याच्या जागी नवं बसतं. म्हणून ती की कुणालाही..." तो थांबला. "कुणाला दिली नाही ना?"

"दिली."

"कुणाला?"

"घरच्यांना."

"घरचे म्हणजे किती?"

"ग्रुप हाय," डेबोरा म्हणाली. "तीन देशांतला."

मितेशने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याने आधी जुनी साइट उघडली. वरती निसीमने अक्षरं निवडून निवडून लावलेलं शीर्षक असायचं, तिथे परक्या लिपीत दुसरंच काहीतरी होतं. त्याखाली, कुठल्याही नव्या वेबसाइटवर आपोआप येतो तो नमुन्याचा मजकूर: हे तुमचं पहिलं पान. हे खोडा आणि लिहायला लागा.

खाली कारखान्यात कुणीतरी रंग मारायचा कॉम्प्रेसर चालू केला.

मितेशने बंद पडणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की तुमच्या पॅकेजमध्ये बॅकअप नव्हता. "तुमच्या भावाने कॉम्प्युटरवर कुठे कॉपी ठेवली असेल?" मितेशने विचारलं. नव्हती. त्याचा जुना कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात गेला होता, आणि तेव्हा निसीमच म्हणाला होता, बरं झालं सगळं वर चढवलंय.

मग एझ्राचा फोन आला. डेबोराने स्पीकरवर टाकला. पोरवयात रोहा सोडलेला माणूस, पण मराठी त्याने तशीच जपून ठेवली होती, ट्रंकेतल्या कपड्यासारखी. पलीकडे आवाज रडका होता. त्याने स्वतःच साइट उघडून पाहिली असणार.

"डेबो, मी काय केला गो? आमच्या बायकोच्या पाककृतींची एक रिकामी साइट होती माझी. म्हटला, निसीमची पानं आधी हिच्यात आणून ठेवावी, सांभाळावी. तेच सॉफ्टवेअर तिच्यात घातला, तुझ्या दोन्ही किल्ल्या लावल्या. दोन्ही लागल्या! मला इतका आनंद झाला. मग बटण आला, ढकला. मला वाटला, तिकडून इकडे ढकलायचा."

"आणि तू इकडून तिकडे ढकललंस."

"रिकामी साइट ढकलली. माझ्या हाताला कीड पडो."

"असं बोलू नको. शुक्रवार आहे." डेबोराचा आवाज कापला, पण तिने तो ओढून सरळ केला, वाकडी शिवण करतात तसा. "तू चोरी नाय केलीस. किल्ली मीच दिली. तुमच्याकडे दिवे लागायला आमच्यापेक्षा वेळ आहे. तोवर रड. मग पुरे."

मितेश इतका वेळ कंपनीच्या खात्यातून जुन्या साइटच्या पोटात कुठेतरी खोल शिरला होता. तो म्हणाला, "मावशी, थांबा. लिखाण एका कपाटात असतं, फोटो दुसऱ्या. यांनी ढकललं ते लिखाणाच्या कपाटावर. नावं, ओळी, सगळं गेलं. फोटोंचं कपाट तसंच आहे."

"सगळे फोटो?"

"दिसतायत. पण नुसते फोटो. कॅमेऱ्याने दिलेले नंबर आहेत, बाकी काही नाही."

डेबोरा खुर्ची पुढे ओढून बसली. "मग आता ते आणू. मीच करते. तू फक्त चुकले तर सांग."

जुन्या साइटवर तिचा पासवर्ड चालेना. लिखाणाबरोबर माणसांची यादीही बदलली होती. आता त्या घरात फक्त एझ्राला प्रवेश होता. तिने फोनवर त्याच्याकडून त्याचा पासवर्ड अक्षरागणिक घेतला आणि आपल्या भावाच्या घरात चुलतभावाच्या नावाने शिरली. आधी जुनी कनेक्शन की रद्द केली. त्या बटणावर बोट ठेवताना तिने मितेशकडे पाहिलं, त्याने मान हलवली, मग दाबलं. ग्रुपवर पडलेली ती लांब अक्षरांची ओळ त्या क्षणी निकामी झाली. नवी की तयार झाली. लायसन्स कीला तिने हात लावला नाही. त्या कीने काही बिघडवलं नव्हतं, साइटमधलं तिला काही कळतही नव्हतं. दोन दिवस ती जुन्याच साइटला तिचीच किल्ली लावत बसली होती; आता नव्या साइटवर मेलवरची आखूड अक्षरं वरच्या रकान्यात. नवी, लांब अक्षरं खालच्या रकान्यात. मग बटणं आली.

"मोठ्याने वाचा," मितेश म्हणाला.

"आणा," डेबोराने वाचलं आणि दाबलं.

लाल झालं नाही. एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. दगड येत होते. एकेक, बिननावाचे, कुणाच्या कडेला गवत, कुणावर सावलीत निसीमच्या टोपीची कड. मितेशने चहा मागवला. रेघ पोचली तेव्हा दुपार कलली होती.

"पैसे?" तिने विचारलं.

"गणपतीनंतर बघू. आधी गाडी पकडा."

परतताना वडखळला गाडी पुन्हा अडकली. डेबोरा खाली उतरली, ट्रकांच्या रांगेच्या कडेकडेने चालत गर्दीच्या पुढे आली आणि नागोठण्याकडे निघालेल्या एका मिनीडोर रिक्षाला तिने हात केला. घरी पोचून दिव्यात तेल घालून वात पेटवली, तेव्हा पश्चिमेला अजून चिमूटभर उजेड होता. मग शनिवार संपेपर्यंत तिने कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्यावर पदर टाकतात तसा एका गिऱ्हाइकाचा दुपट्टा टाकून ठेवला होता.

रविवारी सकाळी ती रोह्याच्या कब्रस्तानात गेली. निडी गावाकडची हौसा तिथलं गवत कापायला यायची. कमरेत वाकलेली, पण कोयत्याचा हात अजून तरुण. फाटक उघडताच तिने हाक मारली, "काय गो बाय, आज एवढ्या सकाळी? भावाची आठवण झाली वाटतं?"

"भावाचं काम राहिलंय, हौसाबाय." डेबोराने तिला सगळं सांगितलं. किल्ल्यांचं सोडून दिलं; नावं गेली आणि फोटो राहिले, एवढंच.

हौसाने कोयता दगडाला टेकवला. "म्हंजी तोंडं हायत नि नावं नाय."

"व्हय."

"मग दगडावर हाय की नाव. वाचायचं." तिला त्यात काही अवघड दिसेना.

अवघड होतं. फोटोंत कोरलेली अक्षरं नीट उमटली नव्हती; दगडापाशी जाऊनच वाचायची, आणि निसीमने फोटो काढले त्यालाही वर्षं झाली होती. शेवाळ चढलं होतं, काही दगडांची अक्षरं बोटाला लागत पण डोळ्याला दिसत नसत. डेबोराने फोन काढला, लोदला लावला आणि दगडाच्या माथ्यावर टेकवून ठेवला. आदल्या रात्री, शब्बाथ सुटल्यावर, मितेशने नव्या साइटवर एझ्रासाठी एक दार करून दिलं होतं. तिथून पानावर लिहिता येत होतं, बाकी काही करता येत नव्हतं.

"एझ्रा, ऐकू येतंय?"

"येतंय. बोल."

"मी सांगते ते लिहायचं फक्त. ढकलायचं बटण तुझ्या पानावर नाहीच, शोधू नको."

"टोमणे मार गो, मार," एझ्रा म्हणाला. "माझी तक्रार नाय."

हौसाने विहिरीचं पाणी बादलीत भरून आणलं आणि पहिल्या दगडावर ओतलं. दगड भिजून काळा झाला, आणि खोलगट रेघांत पाणी थांबून अक्षरं वर आली. वाळायच्या आत डेबोराने वाचलं. एझ्राने लिहिलं, परत म्हणून दाखवलं. दुसऱ्या दगडापाशी त्याने विचारलं, "याच्याखाली निसीमने काय लिहिला होता?" डेबोराला आठवेना. हौसा म्हणाली, "ह्यो? ह्येची तेलाची घाणी होती. आमची सासू सांगायची, पोराटोरांच्या हातावर पेंड ठेवायचा." एझ्रा लिहीत राहिला. निसीमने नक्की तेच लिहिलं होतं का, कोण सांगणार.

रांगेच्या टोकाला निसीमचा दगड होता. नवा, स्वच्छ, कडा अजून धारदार. साइटवर त्याचा फोटो नव्हता; फोटो काढणारा तोच होता.

"भावाचं पयलं करून घे," हौसा म्हणाली.

डेबोराने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या माथ्यावर पडलेलं एक पान उचललं आणि पुढे सरकली. पलीकडे एक बुटका, झिजलेला दगड होता, बाईचा असावा, पोरीचाही असेल.

"तो थांबेल," ती म्हणाली. "हिचं नाव पुसून जायला आलंय. ओत."

हौसाने बादली कलती केली. डेबोरा गुडघ्यावर बसली, गाल जवळजवळ दगडाला लावला आणि पाणी ओघळून जायच्या आत एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागली.